पाळीचे अकरा तुकडे

"मॅडम, पाळ गळून राहिली. आन् लोक म्हणून राहिले का हे तुमच्या यादीनं झालं."

सकाळचे साडेसात वाजले होते. मी कॉलेजला निघायच्या घाईत, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फोन. पलीकडे रेखाताई होत्या, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच. गावाचं नाव इथे गाळते आहे, ती आमच्या धंद्याची सवय समजा. रेखाताई उगाच फोन करणाऱ्यांतल्या नाहीत. काम असलं की करतात आणि सांगून झालं की "ठेवू का" असंही न विचारता ठेवतात.

"किती गळतेय?" मी विचारलं.

"सध्या मनगटाएवढी धार आहे. दुपारपर्यंत काय होते, ते पाळीलेच ठाऊक. तुमी या."

"मी येऊन काय करू ताई? मी काही इंजिनिअर नाही."

"ते मले माहीत आहे. तरी या."

फोन बंद. मी डबा परत ओट्यावर ठेवला, कॉलेजात रजेचा मेसेज टाकला आणि स्टेशन गाठलं.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. माझा अभ्यासाचा विषय आहे गुलामी आणि लोकांच्या मनात उरलेली तिची आठवण. हे सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे आफ्रिका-अमेरिका का?" मी म्हणते, नाही, आपलाच जिल्हा. मग तो जरा नाराज होतो. "आपल्याकडे घरगडी असायचे, गुलाम नाही," असं मला आजवर वकिलांनी, डॉक्टरांनी आणि एका रिक्षावाल्यानेही समजावून सांगितलंय.

तर थोडक्यात सांगते. इंग्रजांच्या काळात इथे मालगुजारी होती. मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस. कागदावर वसुलीदार, पण प्रत्यक्षात गावाचा मालकच, आणि लोक त्याला मालकच म्हणत. त्याच्या घराला काही कुटुंबं बांधलेली असायची. बापाने लग्नासाठी मालकाकडून धान उचललं, ते फिटलं नाही, म्हणून मुलगा राबला. मग त्याचा मुलगा. मजुरी नाही, पोटाला पेज. गाव सोडून जायची सोय नाही, गेला तर धरून आणायचे. याला कोणी बेगार म्हणतं, कोणी वेठबिगार. ज्या माणसाला उठून जाता येत नाही त्याला काय म्हणायचं ते वाचकांनी आपलं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

या गावात मी गेले ते तलावामुळे. आमच्याकडे अशा तलावांना मामा तलाव म्हणतात. त्यात मामाचा काही संबंध नाही, 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरं. तलावाचं पाणी ज्या मातीच्या बांधाने अडतं ती पाळ. आमच्याकडच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून जुनी माणसं तिला 'पार' म्हणतात.

या गावची एक रीत होती. रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे मे महिना सरत आला, की गावातली अकरा घरं पाळीवर जायची. प्रत्येक घराचा पाळीचा एकेक ठरलेला तुकडा. त्यावरची बेशरमाची झुडपं उपटायची, खेकड्यांची आणि घुशींची बिळं बुजवायची, टोपल्यांनी माती टाकायची, धुम्मस घेऊन ती ठोकून बसवायची. आठ-दहा दिवसांचं मरणाचं काम. गावातली बाकीची घरं जात नसत. का नाही, असं विचारलं की उत्तर यायचं, "ते त्यायच्याकडं हाय." कधीपासून? "पह्यलेपासून." त्याबद्दल कोणी काही देत नसे आणि कोणी मागतही नसे.

माझ्यासारख्या बाईला एवढं पुरे असतं. मी हिवाळाभर तिथे फेऱ्या मारल्या. फील्डवर्क म्हणजे दुसरं काय, लोकांच्या ओसरीवर बसायचं, चहा प्यायचा, रेकॉर्डर चालू आहे की नाही ते दर पाच मिनिटांनी बघायचं. मंगरूजी मला पाळीवर घेऊन गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, कमी बोलणारे. त्यांच्या घराचा तुकडा मोरीच्या लगतचा, म्हणजे पाणी खाली शेतात सोडायची वाट जिथे आहे तिथला. सगळ्यांत नाजूक जागा. तिथून त्यांनी मला पाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं आणि अकराही तुकडे दाखवले. या दगडापासून त्या चिंचेपर्यंत अमक्याचा, चिंचेपासून त्या खुंटापर्यंत तमक्याचा. मी टेपने मोजत गेले.

कागद मला मिळाला तो विनायकरावांकडे. विनायकराव त्या मालगुजाराचे नातू. नागपूरला बँकेत होते, आता रिटायर झालेत. गावात थोडी शेती अजून आहे, ती बटईने देतात. माणूस भला. जुन्या कागदांची ट्रंक त्यांनी स्वतःहून माझ्यासमोर उघडली. "जे असेल ते लिहा मॅडम. आमचं म्हणून झाकू नका."

ट्रंकेत मोडी लिपीतला एक कागद निघाला. पाळीवर कामाला लावलेल्या घरच्या गड्यांची यादी. अकरा नावं. प्रत्येकापुढे पाळीचा तुकडा, कुठून कुठपर्यंत आणि किती हात. एखादा हजर झाला नाही तर त्याला दोरी लावून आणावं, असंही खाली लिहिलेलं होतं. मी माझ्या वहीतली मापं काढली. हाताचं माप फुटात बदलून ताडून पाहिलं. अकराच्या अकरा तुकडे जुळले. मोरीजवळच्या तुकड्यापुढे मंगरूजींच्या आजोबांचं नाव होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतिहासकाराच्या आयुष्यात असा दिवस एखाददुसराच येतो. कागद सापडतात, माणसं सापडतात, पण कागदातली गुलामी जमिनीवर जशीच्या तशी चालू असलेली सापडत नाही. मी रात्री नवऱ्याला फोन करून सांगितलं. दोन कॉन्फरन्सना पेपर पाठवला. रेखाताईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक मेच्या ग्रामसभेत दहा मिनिटं बोला. लोकायलेबी कळू द्या."

मी दहाऐवजी पंचवीस मिनिटं बोलले. यादी वाचली. कोणता तुकडा कोणाकडे ते वाचलं. दोरीचंही वाचलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही ज्याला रीत समजता ती वेठबिगारीची उरलेली खूण आहे."

मंगरूजींची सून वनिता उभी राहिली. बी.ए. झालेली, बचत गटाची अध्यक्ष. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये, त्यामुळे गेली बारा वर्षं सासऱ्यांसोबत पाळीवर टोपल्या वाहायची ती हीच. यादीत सगळी पुरुषांची नावं, पण मी विचारलं त्या प्रत्येक घरात माती वाहणाऱ्या बायकाच होत्या.

"मॅडम, म्हणजे आमी आजपर्यंत मालकाची बेगार करून राहिलो?"

मी म्हटलं, "एका अर्थी, हो."

वर्गात 'एका अर्थी' म्हटलं की पोरं वहीत लिहून घेतात. ग्रामसभेत ते दोन शब्द हवेत उडून जातात आणि 'हो' तेवढं उरतं. टाळ्या झाल्या. मला शाल दिली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझ्या आईने म्हटलं असतं, पण त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते. घोळक्यात मंगरूजी दिसले नाहीत, तेही माझ्या नंतर लक्षात आलं.

रोहिणी लागल्या. दहा घरं पाळीवर गेलीच नाहीत. वनिताने सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं, "मामाजी, मी आता एक टोपली उचलणार नाही. बाकीच्या गावाले पाणी लागत नाही का? ते कायले येत नाही?" बाकीचं गाव म्हणालं, आमच्याकडे कधी नव्हतंच, आता कसं येईल? पंचायतीने सिंचन विभागाला पत्र दिलं. मोठी दुरुस्ती असेल तर एस्टिमेट होतं, निविदा निघते. पण खेकड्याचं बीळ कुठल्याच एस्टिमेटमध्ये बसत नाही. पत्राला पोच आली, बाकी काही आलं नाही.

मंगरूजी एकटे गेले. आपला तुकडा त्यांनी पंधरा दिवसांत पुरा केला. शेजारचाही थोडा केला, मग पाठीने दगा दिला.

हे सगळं मला त्या जुलैच्या सकाळी, अर्जुनी स्टेशनवरून रेखाताईंच्या स्कूटीवर मागे बसून जाताना कळलं. त्याआधी मी गावात फोनही केला नव्हता. पेपर लिहीत होते ना.

आम्ही पोचलो तेव्हा पाळीच्या खालच्या अंगाने गढूळ पाणी येत होतं. स्वच्छ पाणी झिरपलं तर तेवढं भय नाही. गढूळ आलं म्हणजे पाणी आतून माती घेऊन निघालंय. भोक मोठं होत जातं आणि मग पाळ बसते. खाली धानाची रोवणी नुकतीच झालेली, हिरव्या रोपांच्या चुडांनी भरलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, अगदी गावाच्या शेवटच्या घरापर्यंत. पाळ फुटली असती तर ते सगळं आणि त्या शेवटच्या घरांतलं बरंच काही वाहून गेलं असतं. एवढी भीती मला कधी माझ्या कामाची वाटली नव्हती.

पाळीवर पन्नासेक माणसं होती, पण गोंधळ नव्हता. पाण्यात कंबरभर मंगरूजी उभे होते आणि बोटाने जागा दाखवत होते. गळती जिथे बाहेर दिसते, तिचं तोंड आत तिथेच असतं असं नाही. ते शोधावं लागतं. पाण्यावर बारीक भोवरा फिरतो तिथे. मंगरूजींनी तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, एक काडी सोडली. काडी फिरली, थांबली आणि खाली ओढली गेली.

"अठी," ते म्हणाले.

दोघंजण बुडी मारून तणसाचे गठ्ठे कोंबू लागले. वरून चिकणमातीची पोती. वनिता पोती भरत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फावडं मारलं. मी चपला काढल्या आणि पोत्यांची तोंडं बांधायला बसले. दुसरं काही येत नव्हतं.

दुपारी दोनला धार बारीक झाली, चारला थांबली.

सगळे पांगले तेव्हा मंगरूजी ओल्या धोतरानेच पाळीवर बसले होते. मी जाऊन बाजूला बसले. म्हटलं, "मंगरूजी, माझ्यामुळे झालं हे."

"हाव," ते म्हणाले. झाडीपट्टीतली माणसं उगाच समजूत काढत नाहीत.

मग तेच म्हणाले, "मॅडम, तुमी खोटं नाही बोलल्या. माहा आजा मालकाचा गडीच होता. या पारीवर मार खाल्ला त्यानं. बापानं सांगतलं मले. दोरीचंबी सांगतलं. तुमच्या कागदाआंधी मले ठाऊक होतं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं नाही. तुमी इचारलं, तुकडा कोठून कोठपावतर. मी दाखवला." ते पाण्याकडे बघत होते. "आता मी इचारतो. मालगुजारी गेली, त्याले किती साल झाले?"

"सत्तरच्या वर."

"त्या सत्तर सालात मले कोन मारलं? कोन दोरी घेऊन आलं? मी काऊन गेलो पारीवर?"

माझी प्रश्नावली मालगुजारी संपली तिथे संपत होती. चोवीस प्रश्न होते आणि चोविसच्या चोवीस मालकाच्या काळाबद्दल. 'त्यानंतर काय झालं' हा पंचविसावा प्रश्न मला सुचला नव्हता. तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला.

"मालक गेला ना, त्या साली रोहिनीत कोनीच पारीवर आलं नाही," मंगरूजी म्हणाले. "मी पाच-सहा सालचा होतो. सारे म्हने, सुटलो बाप्पा. माहा बाप एकटा उठला. मी त्याच्या मांगं. त्यानं पह्यली टोपली टाकली आन् बोलला, आता हे पार आपली. मंग दुसऱ्या दिशी बाकीचे आले. कोनी बलावलं नाही त्यायले. खाली आमची बांधी होती, पानी आमाले पाह्यजे होतं, म्हून गेलो. आन् तुमी ते सत्तर सालबी मालकाच्याच नावावर लिवून टाकले."

मी रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात. चूक माझी होती आणि साधी नव्हती. मी त्या माणसांना त्यांच्या आजोबांची गुलामी परत दिली आणि त्यांच्या बापाने केलेली सुटका त्यांच्याकडून काढून घेतली. तीही भर मंडपात, माईकवर.

मंगरूजींनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "चाला, चहा घ्या. सून बोलणार नाही तुमच्यासंगं, पन चहा देईल."

चहा दिला. आणि बोललीही. "मामाजींचं त्यांच्या जागी बराबर आहे मॅडम. पण माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. यांचा बाप आपल्या मर्जीनं गेला, मान्य. मले कोणी मर्जी विचारली? पाणी साऱ्या गावाचं, अन् टोपली आमच्याच डोक्यावर काऊन?"

सून खरं बोलत होती आणि सासराही खरं बोलत होता. पंधरा दिवस मी त्याच दोन वाक्यांत अडकून राहिले. कॉन्फरन्सचे दोन्ही पेपर परत घेतले. आयोजक म्हणाले, "मॅडम, प्रोग्रॅम छापून झालाय." म्हटलं, छापू दे, माझं संशोधन अर्धं आहे.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पाळीचा विषय घेतला. मला बोलावलं होतं, पण रेखाताईंनी फोनवरच बजावलं, "या वेळी तुमी बोलू नका. फक्त बसा." मी बसले.

विनायकराव नागपूरहून आले होते. ते आधी उभे राहिले. हात जोडले. "माझ्या आजोबांनी जे केलं त्याची मी गावाची माफी मागतो. दरवर्षी पाळीच्या दुरुस्तीचा सगळा खर्च मी करीन. जेसीबी पाठवीन. एका घरालाही टोपली उचलावी लागणार नाही. आणि तिथे एक दगड बसवू, त्या अकरा जणांच्या नावांचा."

लोकांना जेसीबी आवडला. चुळबुळ झाली, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. खोकला सुंठीवाचून जात असेल तर कोणाला नको असतो?

मंगरूजी बसल्या जागेवरूनच बोलले. "जुन्या पारीवर जेसीबी चढला का पार बसते. ते एक. आन् दुसरं, मालकाच्या पैशानं पार दुरुस्त झाली का पार मंग मालकाची."

"मंगरूजी, मी मालक नाही हो आता," विनायकराव काकुळतीला आले.

"मंग मालकासारखं देऊन काऊन राहिले? तुमची बांधी नाही का खाली? तुमालेबी तेच पानी जाते. तुमीबी टोपली घ्या."

मालगुजाराच्या नातवाला टोपली घ्या असं या गावात कोणी, कधी म्हटलं नसणार. विनायकरावांचा चेहरा लाल झाला. ते खाली बसले. मला वाटलं, आता उठून जातील. नाही गेले.

मग वनिता उठली. "मामाजी, मालकाले सांगतलं ते चांगलं केलं. मग दुकानदाराले सांगा. मास्तराले सांगा. ज्याच्या ज्याच्या बांधीत पाणी जाते त्या साऱ्यायच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. पाळीचे नवे तुकडे पाडा, अन् ज्याले जो निघेल तो त्याचा."

"आन् आपला तुकडा?" मंगरूजींनी विचारलं.

"तोबी चिठ्ठीत."

"तो नोको टाकू."

"मग माझं काही म्हणणं नाही मामाजी. मग मॅडमच्या यादीतलंच गाव राहू द्या."

सासरे-सुनेचं हे बोलणं सगळं गाव ऐकत होतं. कोणी मधे पडलं नाही. मंगरूजी बराच वेळ काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिले. ज्या तुकड्यावर आजोबांनी मार खाल्ला, बापाने पहिली टोपली टाकली आणि ते स्वतः साठ-पासष्ट वर्षं राबले, तो एका चिठ्ठीवर सोडायचा होता. त्या माणसाजवळ अभिमानाने सांगण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती, हे मला तेव्हा कळलं.

"टाका," ते म्हणाले.

ठराव झाला. ग्रामसेवकाने लिहून घेतला.

पुढच्या रोहिणीत मी गेले. पाळीचे तेहतीस तुकडे पाडले होते, चुन्याने खुणा केल्या होत्या. दुकानदार सकाळी सहाला हजर, नव्या घमेल्यासकट. मास्तर हातात धुम्मस धरून, तो उलटा आहे की सुलटा ते बघत होते. विनायकरावांनी पहिल्या दिवशी दोन मजूर पाठवले. रेखाताईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी विनायकराव स्वतः आले, डोक्यावर टोपी आणि पायात स्पोर्ट शूज. तासाभरात तळहातांना फोड आले. त्यांनी रुमाल बांधला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबले. कोणी त्यांचं कौतुक केलं नाही आणि कोणी हसलंही नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले.

मोरीजवळचा तुकडा दुकानदाराला निघाला होता. मंगरूजींना अगदी दुसऱ्या टोकाचा, सोपा, सावलीतला. तरी सकाळी ते मोरीकडेच आले. दुकानदार जरा बिचकला.

"डरू नोको गा," मंगरूजी म्हणाले. "दाखवाले आलो. हे पाह्य, अठी खेकडा दर साली भोक पाडते. वरून बुजवलं का बाजूनं पाडते. हातभर खोद, चिकन माती टाक, मंग ठोक. आन् ह्या दगडाखाली घूस हाय, तिले धूर दे."

दहा-बारा ठिकाणं दाखवून झाली. मग ते वळले आणि पाळीवरून आपल्या नव्या तुकड्याकडे चालू लागले. त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं. वनिता दोन टोपल्या घेऊन त्यांच्या मागून चालली होती. तिने ते पाहिलं आणि ती मुद्दाम दोन पावलं मागे राहिली.

संध्याकाळी मी कन्सेंट फॉर्म काढला. संशोधनात ज्याचं नाव छापायचं त्याची लेखी परवानगी घ्यावी लागते, त्याचा हा कागद. मी आधीही घेतला होता, पण आता पुस्तकच नवं लिहायचं होतं, म्हणून पुन्हा. मंगरूजींना वाचून दाखवला. त्यात माझ्या विषयाचा एक शब्द होता, 'गुलामांचे वंशज'. त्यांनी हात वर केला.

"हे नोको."

"काय लिहू?"

"पार बांधनाऱ्याचा नातू लिवा. आजा पार बांधत होता. ते त्याचं काम. गुलाम केलं ते मालकाचं काम. ज्याचं काम त्याच्या नावावर लिवा."

मी फॉर्मवर ती ओळ खोडली आणि त्यांनी सही केली.

पुस्तक तयार व्हायला पुढे दोन वर्षं गेली. छपाईच्या आधी पुण्याहून संपादक बाईंचा फोन आला. पुस्तकाच्या शेवटी इंडेक्स असतो, कुठला विषय आणि कुठलं नाव कोणत्या पानावर आहे त्याची सूची. तो मी स्वतः केला होता.

"मॅडम, इंडेक्समध्ये गडबड झालीय. 'वेठबिगार' शोधलं तर 'पाहा : मालगुजार घराणं' असं येतंय. आणि मजुरांच्या नावांपुढे फक्त 'पाळ, बांधणी व दुरुस्ती'."

"गडबड नाही. तसंच आहे."

"पण वाचकाला गुलाम शोधायचे असले तर?"

"तर त्याने गुलाम करणाऱ्यांच्या नावाखाली शोधावेत."

त्या म्हणाल्या, "अशी पद्धत नाहीये आपल्याकडे."

"नसू दे," मी म्हटलं. तसंच छापलं गेलं. दोन परीक्षणांत ती चूक म्हणून दाखवलीही गेली. चाळीस वर्षं पुस्तकं वाचून मला एवढं कळलंय की प्रस्तावना विद्वान वाचतात, पण ज्याच्यावर लिहिलंय तो माणूस पुस्तक मागून उघडतो.

वनितानेही मागूनच उघडलं. मी प्रत द्यायला गेले होते. तिने बोट फिरवत आधी सासऱ्यांचं नाव शोधलं, मग स्वतःचं. दोन्ही मोठ्याने वाचून दाखवली, पुढच्या शब्दांसकट. मंगरूजी खाटेवर बसून ऐकत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले.